लघुपट आणि त्याचा प्रेक्षक : सक्तीच्या प्रदर्शनापासून ऑनलाइन पाठबळापर्यंत

प्रस्तावना

लघुपटाचा इतिहास बहुधा दिग्दर्शकांच्या नावांनी सांगितला जातो. तोच प्रदर्शनाच्या बाजूने पाहिला, तर वेगळा प्रश्न पुढे येतो. वीस मिनिटांच्या चित्रपटाला सहसा स्वतंत्र तिकीट लागत नाही. मग तो दाखवायचा कुठे आणि त्याचा खर्च भागवायचा कोणी? भारतात या प्रश्नाची उत्तरे काळानुसार बदलत गेली.

१. सक्तीचा प्रेक्षक

१९४८ मध्ये फिल्म्स डिव्हिजनची स्थापना झाली. परवान्याच्या अटीनुसार चित्रपटगृहांना मुख्य चित्रपटाबरोबर मान्यताप्राप्त माहितीपट व वृत्तपट दाखवावे लागत. त्यामुळे लघुपटाला देशभर प्रेक्षक मिळाला. मात्र काय दाखवायचे, हे सरकार ठरवी. एस. एन. एस. शास्त्री यांचा ‘आय ॲम २०’ (१९६७) आणि प्रमोद पती यांचा ‘एक्सप्लोरर’ (१९६८) हे प्रयोगशील लघुपट याच संस्थेत तयार झाले. संस्थेबाहेरच्या दिग्दर्शकाला मात्र हा पडदा सहजासहजी मिळत नसे.

२. पर्यायी पडदा

प्रेक्षक स्वतः निर्माता होऊ शकतो, हे पूर्ण लांबीच्या दोन चित्रपटांनी दाखवले. ‘मंथन’साठी (१९७६) गुजरातमधील पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये दिले. केरळमध्ये जॉन अब्राहम यांच्या ओडेसा गटाने लोकवर्गणीतून ‘अम्मा अरियन’ (१९८६) उभा केला.

प्रदर्शनाचा प्रश्न तरी उरलाच. २००४ च्या मुंबई आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवासाठी भारतीय चित्रपटांना सेन्सॉर प्रमाणपत्राची अट घालण्यात आली. विरोधानंतर ती मागे घेतली गेली. पण अनेक टीकात्मक माहितीपट निवडीतून वगळले गेले. तेव्हा माहितीपटकारांनी मुंबईतच ‘विकल्प’ हा समांतर महोत्सव भरवला.

३. शोधणारा प्रेक्षक

यूट्यूब २००५ मध्ये सुरू झाले. २०१६ नंतर मोबाइल डेटा स्वस्त झाला आणि लघुपट खेड्यापाड्यांत पोहोचू शकला. सुजॉय घोष यांचा चौदा मिनिटांचा बंगाली ‘अहल्या’ (२०१५) उपशीर्षकांमुळे बंगालबाहेरही पाहिला गेला. फिल्म्स डिव्हिजनचे अनेक जुने लघुपटही आज ऑनलाइन पाहता येतात.

म्हणजे दार उघडले. पण दारावरचा पहारा संपला नाही, त्याचे रूप बदलले. सरकारी निवडीच्या जागी अल्गोरिदम आला. ओळखीचा चेहरा किंवा मोठा प्रायोजक असलेला लघुपट लवकर वर येतो. विद्यार्थ्याचा पहिला प्रयत्न खाली राहतो. जाहिरातींतून मिळणारे उत्पन्न बहुतेकांना पुरत नाही. शिवाय काही महोत्सव आधीच ऑनलाइन आलेला चित्रपट स्वीकारत नाहीत, त्यामुळे दिग्दर्शकाला तो काही काळ रोखून ठेवावा लागतो.

म्हणूनच जुना लोकवर्गणीचा मार्ग नव्या माध्यमातून परत आला. पवन कुमार यांनी ब्लॉगवरून आवाहन करून कन्नड ‘लुसिया’साठी (२०१३) प्रेक्षकांकडून पैसे उभे केले. पैसे देणे शक्य नसलेला प्रेक्षकही बरेच करू शकतो: चोरीची प्रत टाळून लघुपट दिग्दर्शकाच्या अधिकृत वाहिनीवर पाहणे, कर्त्याच्या नावासह इतरांना सुचवणे, महाविद्यालयाच्या फिल्म क्लबमध्ये परवानगी व मानधनासह दाखवणे, किंवा दिग्दर्शकाच्या संमतीने आपल्या भाषेत उपशीर्षके तयार करणे.

समारोप

पहिल्या टप्प्यात लघुपट प्रेक्षकासमोर आपोआप येई. आज प्रेक्षकाला लघुपटाकडे जावे लागते. निवडीचे स्वातंत्र्य वाढले, तशी निवडीची जबाबदारीही वाढली. स्वतंत्र लघुपट टिकेल की नाही, हे तंत्रज्ञानाइतकेच या जबाबदारीवर अवलंबून आहे.

विचारासाठी प्रश्न : सरकारी निवड आणि अल्गोरिदमची निवड यांत साम्य कोणते व फरक कोणता? उदाहरणांसह चर्चा करा.