हजार रुपयांची देवी

माझ्या आजीच्या तोंडावर देवीचे वण होते. त्याच साथीत तिची दोन लेकरं गेली. ती देवीचं नाव घेत नसे, ‘माय’ म्हणे.

1976 च्या उन्हाळ्यातली गोष्ट. भंडारा जिल्ह्यातल्या आमच्या गावात शाळेच्या भिंतीवर गेरूने लिहिलं होतं, देवीच्या रोग्याची खबर देणाऱ्याला हजार रुपये बक्षीस. रोवणीच्या मजुरीवर जगणाऱ्या घराला ही रक्कम मोजताही येत नव्हती. अशात शेजारच्या पोराच्या अंगावर फोड उठले. त्याचा बाप आरोग्य केंद्राकडे पळत सुटला.

सायकलीवर कर्मचारी आला. त्याच्याजवळ देवी आलेल्या लेकराच्या चित्राचं कार्ड होतं. त्याने पोराचे तळहात-तळपाय पाहिले. देवीचे फोड तोंडावर, हातापायांवर दाट आणि तळव्यांवरही येतात. इथे सारे छाती-पोटावर. “कांजण्या हायेत,” तो म्हणाला. लोक त्या बापाला हसले.

“हसू नका गा. उद्या खरी आली तं मंग कोनी सांगाले येनार नाई.” त्याने वहीत नोंद केली.

आजीने विचारलं, “बाबू, माय गेली म्हनता, मंग कायले हिंडता?”

“गेली का नाई, तेच पाहाले, आजी.”

भारतातला शेवटचा रोगी मे 1975 मध्ये सापडला होता. तरी पुढची दोन वर्षं घरोघर, बाजारोबाजार शोध चालू राहिला. बक्षीस आधी 50, मग 100, मग 1000 रुपये. रोग विरळ झाला तसा खबरीचा भाव चढत गेला. एप्रिल 1977 मध्ये भारत देवीमुक्त ठरला, 1980 मध्ये जग.

जगभरच्या या मोहिमेला 1967 पासून सुमारे 30 कोटी डॉलर लागले. रोगच नाही म्हटल्यावर लसीकरणाचा खर्च वाचला. तरी 20 कोटी लोकांपुरती लस राखून ठेवा, असा तज्ज्ञांचा सल्ला होता. पण काही वर्षांतच तो साठा अनावश्यक ठरला आणि बराचसा काढून टाकला गेला. 2001 नंतर जैविक हल्ल्याची भीती उठली, तेव्हा अनेक देशांनी पुन्हा पैसे मोजून लस बनवून घेतली.

माझ्या दंडावर देवीच्या लसीचा वण आहे, माझ्या मुलांच्या नाही. ही बचत खरीच. पण त्या दिवशी सायकल रिकामी परतली, तो खर्चही वाया गेला नव्हता. आजी त्या रात्री शेजाऱ्याच्या घरी भाकर घेऊन गेली आणि म्हणाली, “बरं केलं बापा, सांगितलंस ते.”