हवाई मैलांची गोष्ट

अमेरिकेत 1978 साली विमानभाड्यांवरचे सरकारी नियंत्रण उठवण्याचा कायदा झाला. कंपन्यांत चढाओढ लागली आणि नेहमीचा प्रवासी टिकवायचा कसा, हा प्रश्न आला. अमेरिकन एअरलाइन्सने सेबर या आपल्या आरक्षणाच्या संगणकात पुन्हा पुन्हा येणारे फोन नंबर शोधले आणि 1 मे 1981 रोजी 'अॅडव्हांटेज' योजना काढली. जितका प्रवास, तितके मैल खात्यात. काही दिवसांतच युनायटेडही उतरली.

खरे वळण 1987 चे. सिटीबँकेने अॅडव्हांटेजचे क्रेडिट कार्ड काढले. आता मैलांसाठी विमानात बसायला नको, किराणा भरला तरी चालते. बँक विमान कंपनीकडून मैल घाऊक विकत घेते आणि आपल्याला वाटते. म्हणजे मैल हा पैसा नव्हे, कंपनीने दिलेला शब्द आहे.

शब्द कंपनीइतकाच टिकतो. जेट एअरवेजची विमाने 17 एप्रिल 2019 ला थांबली. जेटप्रिव्हिलेज वेगळी कंपनी असल्याने मैल वाचले, नाव इंटरमाइल्स झाले. पण त्या मैलांवर जेटने घरी जाणे संपले.

फौजीला हे जास्त लागू. रजा कधी मंजूर होईल सांगता येत नाही, आणि सणासुदीत लेह किंवा बागडोगऱ्याहून मैलांवर मिळणाऱ्या जागा मोजक्याच. म्हणून मित्रहो, मैल साठवू नका, वापरा. आणि बिल दर महिन्याला पूर्ण भरा. थकबाकीवरचे व्याज फुकटचे तिकीट केव्हाच खाऊन टाकते.

जय हिंद.