आडवा वारा आणि मोटारसायकल

जमिनीवर चालणारा मनुष्य आणि दोरीवर चालणारा डोंबारी यांना एकच झुळूक सारखी लागत नाहीं. एकाचें उपरणें फडफडतें, दुसऱ्याचा जीव टांगणीला लागतो. मोटार आणि मोटारसायकल यांचेंहि असेंच आहे. आडव्या वाऱ्यानें मोटार किंचित् सरकते. मोटारसायकल कलते, आणि कलली कीं वळूं लागते. लांबच्या प्रवासासाठीं बांधलेल्या जड मोटारसायकलींचा इतिहास हा बराचसा या अडचणीशीं चाललेल्या झगड्याचाच इतिहास आहे.

दोन चाकांचें वाहन वळतें कसें, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाहीं. स्कॉटलंडचा प्रसिद्ध अभियंता विल्यम रँकिन यानें १८६९ सालींच असें दाखविलें कीं, वाहन डावीकडे कलवावयाचें तर हँडल प्रथम क्षणभर उजवीकडे वळावें लागतें. विमानाच्या शोधानें अमर झालेला विल्बर राइट हा मूळचा सायकलींचा कारखानदार. त्यानें अनेक सायकलस्वारांना विचारून पाहिलें; पण ही उलटी क्रिया आपण रोज करतों, हें एकालाहि सांगतां येईना. हाताला ठाऊक, पण मनाला ठाऊक नाहीं, असें हें ज्ञान आहे. शांत हवेंत तेवढ्यानें निभावतें. वावटळींत निभावत नाहीं.

वाऱ्याचा खरा हिशेब सुरू झाला तो वेगाच्या हव्यासामुळें. समोरचा वारा कापण्यासाठीं स्वारासकट सारी गाडी धातूच्या कवचांत झांकण्याची कल्पना १९३० नंतरच्या दशकांत पुढें आली. १९३७ हें वर्ष तर विक्रमांच्या चढाओढीचेंच होतें. एप्रिलमध्यें इंग्लंडच्या एरिक फर्निहो यानें हंगेरींत ताशीं २७३ किलोमीटरांचा वेग गांठला. ऑक्टोबरांत इटलीच्या पिएरो तारुफीनें तो मागें टाकला. नोव्हेंबरांत जर्मनीच्या अर्न्स्ट हेनेनें बीएमडब्ल्यू गाडीवर २७९.५ किलोमीटर गांठले. हा विक्रम पुढें १९५१ पर्यंत अबाधित राहिला. गेलेला मान परत मिळविण्यासाठीं फर्निहो १९३८ च्या एप्रिलमध्यें पुन्हा हंगेरींत गेला आणि तेथेंच अपघातांत मरण पावला. त्याच वर्षीच्या जानेवारींत, फ्रँकफुर्टजवळच्या हमरस्त्यावर, बर्न्ड रोझेमायर हा नामांकित मोटारस्वारहि विक्रमाच्या प्रयत्नांत गेला होता. झाडींतील मोकळ्या जागेंतून आलेल्या आडव्या वाऱ्याच्या झोतानें त्याची गाडी उडविली, असें सामान्यतः मानलें जातें. चार चाकांची ही गत, तर दोन चाकांची कथा काय सांगावी?

तरीहि मोह सुटला नाहीं. इटलींतील मोतो गुझ्झी कारखान्यानें १९५० सालीं कोमो सरोवराच्या कांठीं, मांदेल्लो येथें, खास मोटारसायकलींसाठीं वायुबोगदा बांधला. त्यांत सिद्ध झालेलीं आवरणें पुढचें चाक संपूर्ण झांकीत. त्यांच्या आकारावरून इंग्रजांनीं त्यांना ‘डस्टबिन’, म्हणजे केराचा डबा, असें नांव दिलें. नांवांतली थट्टा मार्मिक आहे. अशाच आवरणाच्या जिलेरा गाडीवर बॉब मॅकिंटायरनें १९५७ सालीं आइल ऑफ मॅन बेटावरील शर्यतींत ताशीं १०० मैलांहून अधिक सरासरीची पहिली फेरी पुरी केली. परंतु समोरचा वारा कापणारें हें कवच आडव्या वाऱ्यापुढें शिडासारखें फुगे. वाऱ्याचा दाब गाडीच्या गुरुत्वमध्याच्या पुढें पडे, त्यामुळें गाडीचें तोंडच एकीकडे लोटलें जाई आणि स्वाराचे हात अपुरे पडत. अखेर आंतरराष्ट्रीय मोटारसायकल संघानें १९५८ पासून हीं आवरणें बंद केलीं. पुढचें चाक उघडें असलेंच पाहिजे, हा शर्यतींतला दंडक त्या काळापासूनचा आहे. इतका शहाणा नियम शर्यतींच्या इतिहासांत क्वचितच झाला असेल.

प्रवासी गाड्यांना हा धडा निराळ्या मार्गानें मिळाला. हँडलला बांधलेली कांच वाऱ्यानें हलली कीं हँडलहि हलतें. अमेरिकेंतील क्रेग व्हेटर यानें १९७१ च्या सुमारास ‘विंडजॅमर’ नांवाचें आवरण विकावयास आणलें. तें हँडलला न जोडतां गाडीच्या सांगाड्याला जोडलेलें असे. जर्मनीच्या बीएमडब्ल्यूनें १९७६ सालीं इटलींतील पिनिनफारिनाच्या वायुबोगद्यांत घडविलेलें आवरण आपल्या ‘आर १०० आरएस’ गाडीवर कारखान्यांतच बसविलें, आणि होंडानें १९८० मध्यें आपल्या अवजड ‘गोल्ड विंग’ गाडीस आवरण व सामानाच्या पेट्या दिल्या. अडीचशे किलोंहून जड गाडीला वारा काय करणार, असें कोणाला वाटेल. वजन कामी येतें हें खरें; पण पेट्या आणि आवरण यांनीं बाजूचें क्षेत्रफळहि वाढतें, आणि वाऱ्याचा वेग दुप्पट झाला कीं दाब चौपट होतो.

याची परीक्षा पाहणारा रस्ता अमेरिकेच्या वायोमिंग राज्यांत आहे. लॅरामीच्या पश्चिमेस, एल्क पर्वताच्या पायथ्यानें जाणारा हमरस्त्याचा भाग १९७० च्या ऑक्टोबरांत खुला झाला. जुना रस्ता उत्तरेकडून, मेडिसिन बो गांवावरून, वळसा घेऊन जात असे. नव्यानें जवळची वाट धरली. तेथील वारा ठाऊक असलेल्या स्थानिक लोकांनीं आधींच इशारा दिला होता. तो मानला गेला नाहीं, आणि आज सोसाट्याच्या दिवशीं हलक्या व उंच वाहनांना हा भाग बंद करावा लागतो.

अशा रस्त्यावर वारा डावीकडून येत असेल तर स्वारानें डावी मूठ हलकेंच पुढें लोटावी. गाडी वाऱ्याकडे कलते आणि कललेलीच सरळ जाते. कवळ घट्ट आवळली तर प्रत्येक धक्का हातांतून हँडलला पोंचतो. म्हणून हात सैल आणि गुडघे टांकीला दाबलेले असावेत. खरी कसोटी मालवाहू ट्रक ओलांडतांना. वारा ट्रकच्या बाजूनें असला तर त्याच्या आडोशांत तो एकाएकीं थांबतो आणि वाऱ्यावर रेललेली गाडी ट्रककडे ओढली जाते. ट्रकचें नाक मागें पडतांच झोत दुप्पट जोरानें बाहेर लोटतो. दोन्ही क्षण आधींच ओळखून वेग उतरविणारा स्वार निभावतो. लॉस एंजेलिस भागांतील ९०० अपघात जागेवर जाऊन तपासणाऱ्या हॅरी हर्ट यांच्या १९८१ च्या अहवालांत असें आढळलें कीं, अपघातांत सांपडलेल्या स्वारांना हँडल उलट लोटून गाडी वळविण्याची विद्या जवळजवळ अवगतच नव्हती. रँकिननें ती लिहून ठेवल्यास तेव्हां एकशें बारा वर्षें झालीं होतीं.