ध्रुवरात्रीतील ऊब

१९५२ सालच्या हिवाळ्यात बर्लिनच्या टेम्पेलहोफ विमानतळावरून जे फुगे आकाशात सोडले जात, त्यांच्याकडून कोणी नवलाची अपेक्षा केली नव्हती. महायुद्धाने दुभंगलेल्या त्या शहरातील ते एक नित्याचे काम. फुग्याला बांधलेले यंत्र वर वर जाई आणि तपमानाचे आकडे रेडिओवरून खाली धाडी. जानेवारीच्या अखेरीस, आणि पुन्हा फेब्रुवारीत, हे आकडे एकाएकी पालटले. सुमारे तीस किलोमीटर उंचीवरची गोठलेली हवा अवघ्या काही दिवसांत तीस अंशांहून अधिक तापली! प्राध्यापक रिचर्ड शेरहाग यांनी या प्रकाराला स्फोटक तापवाढ म्हटले.

स्थितांबर हे नावच मुळी स्थैर्याचे. १९०२ साली फ्रान्समध्ये तेसरँ द बॉर आणि जर्मनीत आसमान यांनी हा थर शोधून काढला. तेथे ढग नाहीत, पाऊस नाही. तेव्हा तेथे काही घडत नसावे, अशी समजूत होणे स्वाभाविक होते. म्हणून पहिला संशय गेला सूर्यावर. पण श्रोतेहो, ध्रुवावर ती सहा महिन्यांची रात्र! सूर्य क्षितिजावर येतच नाही, तर तो हवा तापवणार कशी?

उत्तर वरून नव्हे, खालून आले. पश्चिमेकडून वाहणारे वारे हिमालय-तिबेट आणि रॉकी या पर्वतांवर अडतात. थंड भूखंडे आणि उबदार सागर यांच्या सीमेवर त्यांची वाट वाकते. त्यातून अवघ्या पृथ्वीला वेढणाऱ्या, एक-दोन वळणांच्या प्रचंड लहरी उठतात. अशा लहरींचे गणित कार्ल-गुस्ताफ रॉस्बी यांनी १९३९ मध्ये मांडले होते. १९६१ मध्ये चार्नी व ड्रॅझिन यांनी दाखवले की, वरचे वारे पश्चिमेचे असले व फार वेगवान नसले, तरच या लहरी वर चढतात. तेही फक्त सर्वांत लांब असलेल्या. उन्हाळ्यात वर पूर्वेचे वारे वाहतात आणि दार बंद होते. तीस किलोमीटरवर हवेचा दाब जमिनीवरच्या शंभराव्या हिश्शाएवढा. विरळ हवेत लहर फोफावते.

पुढचा धागा जपानच्या तारो मात्सुनो यांनी १९७१ मध्ये जोडला. लहरी ध्रुवाभोवतीच्या भोवऱ्याला लगाम घालतात, कधी त्याचे दोन तुकडे करतात; ध्रुवावरील हवा खाली दबते, आणि सायकलच्या पंपातील हवेसारखी दबल्यामुळेच तापते.

दक्षिण गोलार्धात अडवायला डोंगर कमी, म्हणून तेथे हे क्वचितच. तरी सप्टेंबर २००२ मध्ये अंटार्क्टिकावरील भोवरा दुभंगला आणि त्याबरोबर ओझोनचे छिद्रही.

प्रत्येक तापवाढीमागून जमिनीवर थंडी येतेच असे नाही. परंतु फेब्रुवारी २०१८ मध्ये उत्तरेचा भोवरा फुटला, आणि महिना सरण्यापूर्वी युरोप गारठून रोमच्या रस्त्यांवर बर्फ पडला.