सोलापूरचे कोटणीस 'के दीहुआ' कसे झाले

१० ऑक्टोबर आणि ९ डिसेंबर. डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची जयंती आणि पुण्यतिथी. या दोन तारखांना भैय्या चौकातल्या स्मारकावर हार चढतो, फोटो येतात, आणि त्याखाली एक कमेंट हमखास पडते : "चीनच्या सैन्याची सेवा करणाऱ्या माणसाचा एवढा उदोउदो कशाला?" गलवाननंतर तर हा प्रश्न जास्तच जोरात विचारला जातो. प्रश्न विचारणाऱ्याला देशद्रोही-देशभक्त करत बसण्यापेक्षा नीट उत्तर द्यावं म्हणून हे लिहितोय. थोडं लांबेल, पण वाचा.

आधी काळ लक्षात घ्या. जुलै १९३७ मध्ये जपानने चीनवर उघड आक्रमण केलं. चिनी सेनापती चू ते यांनी पंडित नेहरूंना पत्र लिहून डॉक्टर पाठवा अशी विनंती केली. १९३८ साली काँग्रेसचे अध्यक्ष होते सुभाषबाबू. त्यांनी जाहीर आवाहन केलं, ७ ते ९ जुलैला देशभर निधी गोळा झाला, सुमारे २२ हजार रुपये. आपण स्वतः इंग्रजांच्या टाचेखाली, आणि वर्गणी काढतोय दुसऱ्या देशासाठी! पण त्या पिढीला त्यात विसंगती दिसत नव्हती. परकी फौज घरात घुसणं म्हणजे काय, हे सोलापूरला तर १९३० च्या मार्शल लॉपासून चांगलंच कळलं होतं. १२ जानेवारी १९३१ ला आपले चार हुतात्मे येरवड्यात फासावर गेले, तेव्हा कोटणीस वीस वर्षांचे होते.

तर पाच डॉक्टर निवडले गेले. अलाहाबादचे अटल (हे प्रमुख, आधी स्पेनच्या युद्धात काम करून आलेले), नागपूरचे चोळकर, कलकत्त्याचे बसू आणि मुखर्जी, आणि आपले कोटणीस. मुंबईच्या जी. एस. मेडिकलमधून नुकतेच बाहेर पडलेले, वय अठ्ठावीसही पूर्ण नाही. १ सप्टेंबर १९३८ ला 'राजपुताना' बोट मुंबईहून निघाली. कँटनला त्यांच्या स्वागताला सन यत्-सेन यांच्या पत्नी सुंग चिंग-लिंग स्वतः हजर होत्या.

इथवरची गोष्ट बहुतेकांना माहीत असते. व्ही. शांताराम यांचा १९४६ चा 'डॉ. कोटनीस की अमर कहानी' आपल्या आई-आजींनी पाहिलेला असतो. पण सिनेमात त्याग दिसतो, प्रेम दिसतं, मरण दिसतं. मला जास्त मोलाची वाटते ती मधली चार वर्षं. माणूस परक्या मुलुखात रुळतो कसा, ते त्या वर्षांत दिसतं.

सुरुवात नावापासून झाली. चोंगचिंगमध्ये पाचही जणांना चिनी नावं मिळाली आणि प्रत्येकाच्या नावाला शेवटी 'हुआ' जोडलं गेलं. हुआ म्हणजे चीन. कोटणीस झाले 'के दीहुआ'. त्याच गावी वडील वारल्याची बातमी त्यांना कळली. घरी परतायला याहून मोठं कारण कुठलं असणार? कोणी बोट दाखवलं नसतं. तरी ते पुढे निघाले, आणि फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक येनानला पोचलं.

येनान म्हणजे डोंगराच्या मातीत कोरलेल्या गुहांचं गाव. राहणं गुहेत, दवाखाना गुहेत, अंग गोठवणारी थंडी. जेवणात मुख्य धान्य राळं. आपल्याकडे भोगीला राळ्याचा भात होतो ना, तेच. आपण वर्षातून एकदा हौसेने खातो, ते तिथे रोजचं पोटभरीचं. मुंबईत शिकलेल्या डॉक्टरला ते किती दिवस गोड लागलं असेल?

यथावकाश पथक पांगलं. चोळकर आणि मुखर्जी १९३९ मध्येच परतले, १९४० मध्ये अटलही. यात त्यांना कमी लेखायचं कारण नाही. तब्येती बिघडल्या होत्या, आणि जे कबूल केलं होतं ते त्यांनी केलं होतं. राहिले कोटणीस आणि बसू. दोघे शत्रूच्या फळीमागच्या शान्सी-छाहार-हबेई सीमाभागात गेले. त्या भागात कॅनडाचे सर्जन नॉर्मन बेथ्यून काम करायचे. शस्त्रक्रियेत बोट कापलं, जंतुसंसर्ग झाला आणि १२ नोव्हेंबर १९३९ ला ते गेले. त्यांच्या नावाच्या आंतरराष्ट्रीय शांती रुग्णालयाचे पहिले संचालक म्हणून जानेवारी १९४१ मध्ये नेमणूक झाली कोटणीसांची.

रुग्णालय म्हटल्यावर मोठी इमारत डोळ्यांसमोर आणू नका. खेड्यातली घरं, शेतकऱ्यांच्या ओसऱ्या. जपानी तुकडी आली की जखमींसकट सगळं डोंगरात हलवायचं. औषधं, हत्यारं, सगळ्याचीच टंचाई. अशा ठिकाणी दुभाष्याला शेजारी बसवून डॉक्टरकी होत नाही. म्हणून कोटणीस चिनी बोलायला शिकले, मग वाचायला-लिहायला. वैद्यकीय शाळेतल्या मुलांना ते चिनी भाषेत शिकवायचे आणि त्यांच्यासाठी शस्त्रक्रियेचं पाठ्यपुस्तकही लिहायला बसले होते. सैनिक त्यांना 'काळी आई' म्हणायचे, असं तिकडे आजही सांगतात. या नावात चेष्टा आहे आणि मायाही आहे. पाहुण्याला असं नाव कोणी ठेवत नाही, घरच्यालाच ठेवतात.

ग्वो छिंगलान त्यांना भेटल्या त्या बेथ्यून यांच्या समाधीच्या कार्यक्रमात. त्या परिचारिकांना शिकवत. १९४१ च्या अखेरीस लग्न झालं, ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. नाव ठेवलं यिनहुआ. 'यिन' म्हणजे भारत, 'हुआ' म्हणजे चीन. बाळ साडेतीन महिन्यांचं असताना, ९ डिसेंबर १९४२ ला अपस्माराच्या झटक्यांनी कोटणीस गेले. वय फक्त ३२. उपचारासाठी मागे जा, असं सहकारी सांगत होते. त्यांनी ऐकलं नाही.

आता मूळ कमेंटकडे येतो. कोटणीस त्याच वर्षी कम्युनिस्ट पक्षाचे सदस्य झाले होते. हे लपवायचं कारण नाही. पण ते गेले होते भारताच्या स्वातंत्र्य चळवळीच्या वतीने, आक्रमण झालेल्या लोकांकडे. १९६२ चं युद्ध त्यांच्या मृत्यूनंतर वीस वर्षांनी झालं. आजच्या सीमावादाचा हिशेब त्यांच्या खात्यावर मांडणं हा इतिहास नव्हे. आणि उलट बाजूही बोलली पाहिजे : चीनचे नेते भारतात आले की कोटणीस कुटुंबाला आवर्जून भेटतात. त्यात आदर आहे, तसं राजकारणही आहे. दोन्ही सरकारांना हवं तेव्हा कोटणीस आठवतात. म्हणून तर त्यांची आठवण सरकारांवर सोडून चालणार नाही. ती आपण सोलापूरकरांनी राखायला हवी.

राखायची म्हणजे काय करायचं? माझ्या मते त्यांच्या कामातला एक धडा उचलायचा. सेवेला जाणाऱ्याने आधी तिथली भाषा, तिथलं जेवण, तिथली माणसं आपलीशी करायची. आज परदेशात चार आठवड्यांची स्वयंसेवा करून मुलांसोबतचे फोटो टाकणं सोपं झालंय. परदेश कशाला, अक्कलकोट-मंगळवेढ्याच्या वाडीवर नेमणूक झालेला डॉक्टर तिथे राहतो का, की रोज शहरातून ये-जा करतो, हे तुम्हीआम्ही सगळेच बघतो. राहण्याची सोय, शाळा, सुरक्षितता यांच्या अडचणी खऱ्या आहेत आणि त्या शासनाने सोडवल्याच पाहिजेत. पण कन्नड बोलणाऱ्या म्हातारीचं दुखणं तिच्या बोलीत समजून घ्यायला कुठला निधी मंजूर व्हावा लागत नाही.

यिनहुआही वैद्यकीय शिक्षण घेत होता. १९६७ मध्ये, पदवी हातात पडण्याआधीच तो गेला. छिंगलानबाई मात्र नव्वदी पार करून २०१२ मध्ये वारल्या. नवरा गेला, मुलगा गेला, तरी त्या भारतात येत राहिल्या, सासरच्या माणसांशी नातं धरून राहिल्या. स्मारकात गेलात तर त्यांच्याही फोटोसमोर मिनिटभर थांबा. मुलांना सोबत न्या, आणि भोगीला राळ्याचा भात वाढताना त्यांना ही गोष्ट सांगा.