घरीं आलेलें पिनबॉल-यंत्र

सोंगट्यांचा पट किंवा कॅरमचा बोर्ड घरांत किती वर्षें गोड लागेल, असा प्रश्न आपण सहसा विचारीत नाहीं. पट विटला तर नवा शिवून घ्यावा, बोर्ड खरखरीत झाला तर पावडर थोडी अधिक टाकावी. खेळच विटेल ही शंका मनांत येत नाहीं. याचें कारण उघड आहे. समोर माणूस बसलेला असतो आणि माणूस रोज निराळा असतो. परंतु ज्या खेळांत समोर माणूस नसून यंत्र असतें त्याची गोष्ट वेगळी. असें एखादें यंत्र तरुणपणीं बाजारांत आवडलें, पुढें चार पैसे गांठीं जमल्यावर तें हौसेनें विकत आणून घरांत ठेवलें, तर दहा वर्षांनीं त्याची मौज शिल्लक राहते काय? अमेरिकेंत पुष्कळ कुटुंबांनीं आपल्या तळघरांत पिनबॉलचीं यंत्रें आणून ठेवलीं आहेत व त्यांना हा प्रश्न कधींना कधीं पडतोच. त्याचें उत्तर यंत्राच्या कळींत नसून त्याच्या इतिहासांत आहे, असें मला वाटतें.

ज्यांनीं हें यंत्र पाहिलें नसेल त्यांच्यासाठीं चार शब्द सांगतों. चार पायांवर उभी केलेली कमरेएवढ्या उंचीची लांबट पेटी, तिच्यावर कांच, आणि आंत सुमारें साडेसहा अंश उतरता रंगीत फळा. उजव्या हाताशीं स्प्रिंगचा दट्ट्या. तो ओढून सोडला कीं सुमारें ८० ग्रॅम वजनाचा पोलादी चेंडू वरच्या टोंकाला जातो आणि वाटेंतील खुंट्यांवर, बंपरांवर, कमानींवर आपटत खालीं येऊं लागतो. प्रत्येक टकरीला गुण. तळाशीं दोन लहान पट्ट्या असतात. त्यांना फ्लिपर म्हणतात. पेटीच्या दोन्ही बाजूंचीं बटणें दाबून या पट्ट्यांनीं चेंडू पुन्हां वर उडवावयाचा. दोहोंच्या मधून तो निसटला तर गेला. असे तीन चेंडू गेले कीं डाव संपला.

आतां इतिहास. हा खेळ जन्मला तो दारूच्या गुत्त्यांत नव्हे, तर राजवाड्यांत. फ्रान्सच्या सोळाव्या लुईचा धाकटा भाऊ काउंट आर्त्वा यानें १७७७ सालीं आपली भावजय राणी मारी आंत्वानेत हिच्याशीं पैज मारून पॅरिसजवळ दोनएक महिन्यांत एक विलासगृह उभारलें. त्याचें नांव बागातेल, म्हणजे क्षुल्लक वस्तु. तेथल्या मेजवानींत बिलियर्डच्या टेबलावर खुंट्या ठोकून खेळावयाचा एक नवा प्रकार पाहुण्यांपुढें मांडला गेला आणि वाड्याचें नांव खेळाला मिळालें, असें सांगतात. पुढें शतकभर हा बागातेल युरोपांतील सुखवस्तु घरांच्या दिवाणखान्यांत खेळला गेला. फळीवर खिळे ठोकलेलें आणि कांचेच्या गोट्यांनीं खेळावयाचें त्याचें लहान रूप आपल्याकडील मुलांनींहि खेळलेलें आहे. १८७१ सालीं अमेरिकेंत सिनसिनाटी येथें राहणाऱ्या माँटेग्यू रेडग्रेव्ह या इंग्रज गृहस्थानें काठीच्या ऐवजीं स्प्रिंगचा दट्ट्या बसवून त्याचें पेटंट घेतलें. येथवर हा खेळ घरचा होता, फुकटचा होता, आणि खरें सांगावयाचें तर थोडासा निर्जीवहि होता.

त्यांत प्राण ओतला तो नाण्यानें. १९३१ सालीं, मंदीच्या ऐन कडाक्यांत, शिकागोच्या डेव्हिड गॉटलिब यानें 'बॅफल बॉल' नांवाचें दुकानाच्या टेबलावर मावेल एवढें यंत्र १७.५० डॉलरांस बाजारांत आणलें. त्यांत एक सेंट टाकावा आणि चेंडूंची एक खेप खेळावी. ज्यांना काम नव्हतें आणि सिनेमाचें तिकीट परवडत नव्हतें अशा माणसांना एका सेंटांत कांहीं मिनिटांची उमेद मिळूं लागली. ५० हजारांवर यंत्रें खपलीं. नाणें आलें आणि त्याच्याबरोबर खेळाचा सारा स्वभावच बदलला. आतां यंत्राला दोन धनी झाले. खेळणाऱ्याला वाटे, डाव लांबावा. गल्ला मोजणाऱ्याला वाटे, डाव लवकर संपावा, पण इतका लवकर नव्हे कीं गिऱ्हाईक रागावून निघून जाईल. या दोन इच्छांच्या ओढाताणींतून पिनबॉलची सारी कला निर्माण झाली आहे. लोक पेटी उचलून, हालवून चेंडू वळवूं लागले, तेव्हां हॅरी विल्यम्स नांवाच्या कल्पक माणसानें आधीं पेटीच्या तळाला खिळे ठोकून पाहिले! पुढें त्यालाच आपल्या क्रौर्याची लाज वाटली असावी. त्यानें पेटी फार हालली तर डाव बंद पाडणारी युक्ति काढली. तिलाच टिल्ट म्हणतात आणि ती आजहि प्रत्येक यंत्रांत आहे. त्याच विल्यम्सनें १९३३ सालच्या 'काँटॅक्ट' यंत्रांत विजेच्या वेटोळ्यानें चेंडू उडविण्याची सोय केली.

मात्र या काळांत खेळाडूच्या हातीं फारसें कांहीं नव्हतें. चेंडू एकदां सोडला कीं थोडी धक्काबुक्की आणि बाकी दैव. त्यामुळें हा जुगारच आहे असें पुष्कळांना वाटे, आणि बक्षिसें देणारीं यंत्रें निघाल्यावर तें वाटणें अगदींच निराधार उरलें नाहीं. जानेवारी १९४२ मध्यें न्यूयॉर्कचे महापौर ला गार्दिया यांनीं शहरांतील पिनबॉल बंद केला, हजारों यंत्रें जप्त करविलीं, आणि स्वतः घण हातीं घेऊन तीं फोडतांनाचीं आपलीं छायाचित्रें काढविलीं. गंमत अशी कीं, जेथें हीं यंत्रें बनत त्या शिकागोंतहि तीं खेळण्यास कित्येक वर्षें बंदी होती.

फ्लिपर आला तो १९४७ सालीं. गॉटलिबच्या 'हम्प्टी डम्प्टी' यंत्रांत हॅरी मॅब्स यानें सहा फ्लिपर बसविले. पुढच्याच वर्षीं स्टीव्ह कॉर्डेक यानें 'ट्रिपल ॲक्शन' यंत्रांत तळाशीं दोनच ठेवून तेवढ्यानें काम भागतें हें दाखविलें. येथून कौशल्याला खरा वाव मिळाला. न्यूयॉर्कची बंदी मात्र आणखी अठ्ठावीस वर्षें उठली नाहीं. १९७६ सालीं रॉजर शार्प नांवाच्या तरुण लेखकानें नगरसभेच्या समितीपुढें प्रत्यक्ष यंत्र खेळून दाखविलें. चेंडू वरच्या कोणत्या वाटेनें जाईल तें आधीं सांगितलें, दट्ट्या ओढला, आणि चेंडू त्याच वाटेनें गेला. समितीची खात्री पटली. त्या एका चेंडूंत नशिबाचा वांटा किती आणि हाताचा किती, याचा हिशेब मला तरी मांडतां येत नाहीं.

आपल्या विषयाला सर्वांत जवळची घटना याच सुमारास घडली. बॅली या प्रसिद्ध कारखान्यानें खास घरांसाठीं स्वस्त यंत्रें काढलीं. १९७२ मध्यें बाजारांत गाजलेल्या 'फायरबॉल' या यंत्राच्याच नांवाचें घरगुती यंत्र १९७६ सालीं विकावयास आलें. तें हलकें होतें, साधें होतें, किंमतीला सोसवणारें होतें. तर्कानें पाहिलें तर घरीं तेंच टिकावयास हवें होतें. पण आज जुन्या यंत्रांच्या शौकिनांस विचारा. ते घरगुती 'फायरबॉल'कडे फारसे वळून पाहत नाहींत. त्यांना हवें असतें तें बाजारांतलें, परक्या माणसाच्या खिशांतून नाणीं काढून घेण्यासाठीं बनविलेलें यंत्र. घरासाठीं केलेलें घराला रुचलें नाहीं, आणि गुत्त्यासाठीं केलेलें रुचलें!

याचा अर्थ काय, तें मला माझ्या एका स्नेह्यांच्या घरीं उमगलें. हे गृहस्थ मूळचे सांगलीचे. १९९२ सालीं शिक्षणासाठीं ते अमेरिकेस गेले आणि आतां शिकागोजवळ स्थायिक आहेत. त्याच वर्षीं 'ॲडम्स फॅमिली' हें यंत्र निघालें. पॅट लॉलर यानें रचलेलें हें यंत्र आदल्या वर्षींच्या त्याच नांवाच्या चित्रपटावर आधारलेलें आहे आणि २०,२७० प्रतींचा त्याचा खप आधुनिक पिनबॉलच्या इतिहासांत अद्वितीय आहे. एका पेटींतून तुटका हात बाहेर येतो आणि चेंडू उचलून नेतो. फळ्याखालीं लपविलेलीं चुंबकें ऐन वेळीं चेंडूला भलतीकडेच ओढतात. हवेलीच्या बारा खोल्या एकेक करून उजळावयाच्या असतात. विद्यार्थिदशेंत आमच्या स्नेह्यांनीं जेवणाच्या पैशांतून पाव डॉलरचीं नाणीं, म्हणजे आपल्या जुन्या पावलीचीं भावंडें, या यंत्रांत घातलीं. २००५ सालीं त्यांनीं तेंच यंत्र विकत घेतलें.

पहिले सहा महिने घरांत दुसरा विषय नव्हता. वर्षभरानें त्यावर धुतलेल्या कपड्यांच्या घड्या दिसूं लागल्या. "कंटाळा आला म्हणावें, तर तसेंहि नाहीं," ते मला म्हणाले, "पण खेळावयास उभा राहिलों कीं मन लागेना."

कारण त्यांना पुढें सांपडलें. घरीं आणल्यावर त्यांनीं यंत्र नाण्यावांचून चालेल असें करून ठेवलें होतें. बटण दाबलें कीं डाव सुरू. त्यामुळें पहिला चेंडू लवकर गेला कीं ते उरलेले दोन सोडून देत आणि पुन्हां बटण दाबीत. तासाभरांत वीस डाव सुरू होत आणि एकहि पुरा होत नसे. विद्यार्थी असतांना पावली गेलेली असे. तेव्हां बिघडलेला डाव टाकून देणें परवडत नव्हतें. दोन चेंडू वाया गेल्यावर तिसऱ्यानें सारें सांवरून घ्यावें, यासाठीं जीव तोडून उभें राहावें लागे, आणि मौज नेमकी तेथेंच होती. नाणें हें केवळ यंत्राचें भाडें नव्हतें. तें वाईट डावाचें रक्षण करीत होतें.

अनुभवी मालक यावर नाना उपाय करतात. मागचे पाय उंचावून उतार वाढवितात, कडेच्या वाटा रुंद करतात, जादा चेंडूंची सवलत काढून टाकतात, टिल्ट अधिक नाजूक करतात; थोडक्यांत, जो गल्लेवाला घरांत नाहीं त्याची भूमिका स्वतःच वठवितात. कांहींजण एक यंत्र विकून दुसरें आणतात. तेंहि गैर नाहीं, पण तें आवडत्या यंत्राविषयींच्या प्रश्नाचें उत्तर नव्हे. माझें स्वतःचें मत असें कीं, ज्या यंत्रांत गोष्ट फार आणि शेवट ठरलेला, तें शेवट पाहिल्यावर फिकें पडण्याचा धोका अधिक. १९५०-६० च्या सुमाराचीं साधीं यंत्रें, ज्यांत गुणांवांचून दुसरें कांहीं मिळवावयाचेंच नसतें, तीं या बाबतींत चिवट. 'ॲडम्स फॅमिली' टिकतें तें त्याच्या बारा खोल्यांमुळें नव्हे, त्या खट्याळ चुंबकांमुळें.

डागडुजीचा भाग वेगळाच. बाजारांत यंत्रज्ञ येऊन रबराच्या कड्या बदली, दिवे लावी, फळा पुसून मेण चढवी. घरीं तें मालकाला करावें लागतें. कित्येकांना त्यांतच दुसरी गोडी लागते. आमच्या स्नेह्यांना मात्र ती लागली नाहीं आणि त्याची किंमत त्यांना द्यावी लागली. या यंत्राच्या पोटांत, मुख्य विद्युत्‌फलकावर, तीन पेन्सिल-सेल असतात. वीज बंद असतांना उच्चांकांची यादी त्यांच्याच बळावर जिवंत राहते. यादींत गुणांपुढें खेळाडूच्या नांवाचीं तीनच अक्षरें मावतात. पहिल्या स्थानावर त्यांच्या मुलीचीं अक्षरें होतीं. शाळकरी वयांत तिनें केलेला उच्चांक बापाला सहा वर्षें मोडतां आला नव्हता, आणि ती कॉलेजसाठीं दूर गेल्यावर ते यंत्राकडे पुन्हां वळले ते त्या उच्चांकासाठींच. २०१४ सालीं हे सेल पाझरले. फलक खराब झाला, यादी पुसली गेली आणि कारखान्यांतून आलेले निर्जीव आकडे पुन्हां झळकूं लागले. मुलीला फोनवर सांगितलें तेव्हां ती एवढेंच म्हणाली, "बाबा, कुठें तरी लिहून ठेवायला हवें होतें."

मी गेलों तेव्हां यंत्राच्या बाजूला दोऱ्यानें एक वही टांगलेली होती. तींत तारीख, नांव व गुण. शिवाय दर वर्षीं यंत्र चालूं ठेवूनच सेल बदलल्याची नोंद, कारण बंद करून बदलले तर यादी पुन्हां जाते. मुलीचा जुना आंकडा आठवणीनें पहिल्या पानावर लिहिलेला होता. तो अजून कोणीं मोडलेला नव्हता. आणि कांचेच्या कडेवर पाव डॉलरच्या नाण्यांची एक वाटी होती. यंत्र पुन्हां नाण्यावर चालूं लागलें होतें. गल्ला भरला कीं वहिनी तो उघडतात आणि नाणीं परत वाटींत येतात.

मीं नाणें टाकलें. पहिला चेंडू आठ-दहा सेकंदांत मधून सरळ खालीं गेला. हात आपोआप पुन्हां वाटीकडे वळला, तों वहिनी मागून म्हणाल्या, "भावोजी, अजून दोन आहेत." दुसऱ्या चेंडूवर तीन खोल्या उजळल्या. तिसरा चुंबकानें ओढून नेला. वहींत लिहिण्याजोगें कांहीं घडलें नाहीं.