क्लोरोफॉर्म, लॉरीसाहेब आणि आमची आत्या

हैदराबादबाहेरचे पाहुणे आले की चारमिनार, सालारजंग आणि बिर्याणी झाल्यावर मी हटकून क्लोरोफॉर्मवर येतो. आमची ही म्हणते, जेवताना नक्को. पण आज लिहूनच टाकतो, कारण ही गोष्ट मी कित्येक वर्षं अर्धीच सांगत होतो.

मी कॉमर्सचा माणूस. जन्म खतावण्या जुळवण्यात गेला. शरीरक्रियाशास्त्राशी गाठ पडली ती कोठीच्या आमच्या शाखेमुळे. उस्मानिया मेडिकल कॉलेज तिथून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे तिथली बरीच मास्तरमंडळी आमची खातेदार. १९८४ साली शरीरक्रिया विभागातले एक सर मुदत ठेवीच्या कामाला आले आणि गप्पांच्या ओघात म्हणाले, चला, आमचं दुकान दाखवतो. टेबलावर एक फिरता ढोल होता. त्यावर चकचकीत कागद गुंडाळून दिव्याच्या धुरानं काळा केलेला. बेडकाच्या पायाचा स्नायू आकसला की त्याला जोडलेली काडी काजळीत पांढरी रेघ ओढायची. मग मुलं तो कागद व्हार्निशमधून काढून वाळवायची आणि वहीत चिकटवायची. सगळ्यांची बोटं काळी. सर म्हणाले, "अशाच ढोलावर या शहरातून लॉरीनं विलायतेशी भांडण मांडलं होतं."

एडवर्ड लॉरी हा रेसिडेन्सीचा सर्जन आणि १८४६ साली सुरू झालेल्या हैदराबादच्या वैद्यकशाळेचा प्रमुख. हीच शाळा पुढे उस्मानिया मेडिकल कॉलेज झाली. क्लोरोफॉर्म १८४७ साली एडिंबरोच्या सिम्पसननं वापरात आणला आणि तीन महिन्यांच्या आत, जानेवारी १८४८ मध्ये, हॅना ग्रीनर नावाची पंधरा वर्षांची मुलगी पायाच्या बोटाचं नख काढताना टेबलावर गेली. तेव्हापासून वाद सुरू झाला. क्लोरोफॉर्म आधी काय थांबवतो, हृदय की श्वास? लंडनकडचे म्हणायचे, नाडीवर बोट ठेवा. लॉरी एडिंबरोच्या साइमचा चेला, तो म्हणायचा, नाडी सोडा, श्वास बघा.

लॉरीनं १८८८ साली कमिशन नेमून कुत्र्यांवर प्रयोग केले. 'लॅन्सेट'ला ते पटले नाहीत. तेव्हा सहावे निजाम महबूब अली खान यांच्या सरकारनं हजार पौंड देऊ केले आणि सांगितलं, तुमचाच माणूस पाठवा. लॅन्सेटनं लॉडर ब्रंटनला धाडलं. ऑक्टोबर ते डिसेंबर १८८९ या काळात कुत्री, माकडं, बकऱ्या, मांजरं मिळून चारशेहून अधिक जनावरांवर प्रयोग झाले. रक्तदाबाची आणि श्वासाची रेघ काजळीवर उमटत होती. रूपाबाई फर्दुनजी ही पारशी मुलगीही या कामात होती. भूल देणाऱ्या जगातल्या पहिल्या काही स्त्री डॉक्टरांत तिचं नाव घेतात, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक असतं. निकाल लॉरीच्या बाजूनं लागला. श्वास आधी थांबतो, हृदय नंतर. ब्रंटन येताना हृदयाच्या धोक्याचं मत घेऊन आला होता, तोही बदलून गेला.

मी इथवरच सांगायचो. हैदराबादनं विलायतेला शिकवलं, टाळ्या.

त्या दिवशी सर म्हणाले, "पण साहेब, लॉरी चुकला होता."

त्यांनी ते मला कळेल असं सांगितलं. कमिशननं जनावरांना खोल भूल दिली, श्वास थांबेपर्यंत. खोल भुलीत श्वासच आधी जातो, त्यात खोटं काही नाही. म्हणजे श्वासावर डोळा ठेवा हा सल्ला कामाचाच. पण माणसं अचानक जात होती ती सुरुवातीच्या हलक्या भुलीत. मला लगेच कळलं. ज्या खात्यात अफरातफर नाही तेच वारंवार तपासायचं आणि बँक स्वच्छ आहे असा शेरा मारायचा! १८९३ साली गॅस्केल आणि शोअर यांनी क्लोरोफॉर्म थेट हृदयावरही काम करतो हे दाखवलं. आणि १९११ साली गुडमन लेव्ही या डॉक्टरनं मांजरांवर नेमकं दुखणं पकडलं. हलक्या क्लोरोफॉर्ममध्ये शरीरात अॅड्रिनलिन वाढलं की हृदयाचे खालचे कप्पे ठोके देण्याऐवजी नुसते थरथरू लागतात. रक्त पुढे जात नाही, मिनिटांत सगळं संपतं. अॅड्रिनलिन कशानं वाढतं? सर म्हणाले, "वेदनेनं. भीतीनं."

मी खुर्चीवर बसलो.

माझी धाकटी आत्या १९४३ साली, सोळाव्या वर्षी, दाढ काढताना गेली. निजामाच्याच मुलखात, एका जिल्ह्याच्या गावी. चिमटा दाढेला लागला आणि ती गेली. दवाखान्यातून बाहेर आलं ते एवढंच, की मुलगी फार घाबरट होती. आजी मरेपर्यंत तेच म्हणायची, "भित्री गं माझी पोर, भीतीनंच गेली." आणि तिला टांग्यातून नेणारे होते आमचे आप्पा, तेवीस वर्षांचे. ती रडत होती म्हणून वाटेत त्यांनी तिला भागूबाई, भागूबाई म्हणून चिडवलं होतं. आम्हा भावंडांना डॉक्टरकडे नेताना ते कधी एक शब्द रागावून बोलले नाहीत. त्याचं कारण आम्हाला फार उशिरा आईकडून कळलं.

त्या संध्याकाळी काचीगुड्याच्या घरी मी आप्पांना सगळं सांगितलं. मला वाटलं, त्यांचं ओझं उतरेल. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे तिला धीर दिला असता तर?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी पुन्हा विभागात गेलो. सर प्रात्यक्षिक सोडून बाहेर आले. म्हणाले, "वडिलांना सांगा, टेबलावर झोपवलेली कुठली पोर घाबरत नाही? औषधच तसं होतं. त्यात भूल पुरती चढायच्या आत दाढ ओढली. तेवढ्यानंच अॅड्रिनलिन उसळतं, माणूस शूर असो की भित्रा. आणि थरथरणारं हृदय विजेचा झटका देऊन पहिल्यांदा ठिकाणावर आणलं ते १९४७ साली, अमेरिकेत, बेक नावाच्या सर्जननं. तुमच्या गावात तेव्हा कोण काय करणार होतं?" मग थोडं थांबून म्हणाले, "हे लेव्हीचं काम तोवर बत्तीस वर्षं जुनं होतं, हे मात्र नका सांगू."

मी ते सांगितलं नाही. बाकीचं सांगितलं. आप्पांनी मला ते दोनदा सांगायला लावलं, दुसऱ्यांदा आईला हाक मारून तिच्यासमोर. मग ते उठले, देवघराच्या वर लावलेला आत्याचा फोटो काढला, धोतराच्या सोग्यानं काच पुसली आणि बाहेरच्या खोलीत, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा लावला. तो अजून तिथेच आहे.